ढील देणारे रीळ

नदीतल्या मोठ्या माशासाठी गळाचे रीळ विकत घ्यावयास निघालेला मनुष्य दुकानात प्रथम जो प्रश्न विचारतो, तो बहुधा चुकीचा असतो. हे रीळ किती वजनाचा मासा ओढून आणील, असे तो विचारतो. दुकानदारही त्याला साजेल असेच उत्तर देतो, आणि एक जड, चकचकीत, पुष्कळ चाकांचे यंत्र त्याच्या हाती पडते. वस्तुतः मासा ओढण्याचे काम रिळाचे नव्हेच. ते काठीचे. काठी हळूहळू मागे उचलावी, मासा हातभर जवळ येईल. मग काठी पुढे झुकवावी आणि मोकळा झालेला तेवढा दोर रिळावर गुंडाळून घ्यावा, असा हा क्रम आहे. रिळाची खरी परीक्षा दोर घेताना होत नाही, दोर देताना होते. मासा पहिली धाव घेतो त्या क्षणी रिळाने किती अलगद, किती सारखी ढील दिली, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

पतंग उडवणाऱ्या मुलांना हे तत्त्व न शिकवता कळते. मांज्याच्या रिळाला कोठे आसारी म्हणतात, तर कोठे फिरकी. ती धरून उभा राहणारा मुलगा हा पतंग उडवणाऱ्याच्या बरोबरीचा खेळाडू असतो. ऐन पेच लागला असता फिरकी क्षणभर अडली, तर उत्तम मांजाही तुटतो. दोर कच्चा म्हणून तो तुटत नाही. ढील वेळेवर मिळाली नाही म्हणून तुटतो. नदीकाठी दोराच्या दुसऱ्या टोकाला कागदाऐवजी जिवंत प्राणी असतो, एवढाच काय तो फरक. परंतु हा फरक फार मोठा आहे, आणि रीळ निवडण्याच्या प्रश्नाला जे काही गांभीर्य येते ते त्यामुळेच.

ज्या माशाविषयी येथे विचार करावयाचा, त्याची ओळख आधी करून घेतली पाहिजे. इंग्लंडमध्ये आणि युरोप खंडातील वाहत्या नद्यांत बार्बेल नावाचा एक मासा आहे. लॅटिन भाषेत दाढीला ‘बार्बा’ म्हणतात. या माशाच्या तोंडाशी मिशांसारखे चार मांसल तंतू असतात, म्हणून हे नाव. या तंतूंनी तो तळातील वाळू आणि गोटे चाचपतो व भक्ष्य शोधतो. त्याचे अंग लांबट आणि पोट सपाट असते, पुढचे पर रुंद असतात, आणि वेगवान प्रवाहात तळाशी चिकटून राहण्याचे त्याचे कसब मोठे असते. इंग्लंडमधील त्याचे विक्रमी वजन एकवीस पौंडांच्या आसपास आहे. म्हणजे आकाराने तो राक्षस नव्हे. तरीही गळाला लागल्यावर तो जी झुंज देतो तिची कीर्ती फार जुनी आहे. आयझॅक वॉल्टनने १६५३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या माशाला स्वतंत्र स्थान दिले आहे.

आपल्याकडील महाशीर हा याच कुळातला, पण अंगापिंडाने कितीतरी थोर असा बांधव. हे नाते केवळ कल्पनेचे नाही. कर्नल विल्यम साइक्स याने १८३९ साली दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या पात्रात मिळालेल्या महाशिराला त्याने ‘बार्बस खुदरी’ असे शास्त्रीय नाव दिले. त्यातील ‘बार्बस’ हे बार्बेलचे कुलनाम, आणि ‘खुदरी’ हे येथल्या मराठी बोलीतून उचललेले. पुढे शास्त्रज्ञांनी महाशिरांचे वेगळे कूळ मानले आणि त्यांना ‘टॉर’ हे नाव दिले. तथापि मिशा त्याच, तळाशी वावरण्याची खोड तीच, आणि प्रवाहाचा उपयोग करून घेण्याची युक्तीही तीच. हिमालयातून उतरणाऱ्या नद्यांत सोनेरी महाशीर आहे, दख्खनच्या नद्यांत खुदरी आहे, आणि कावेरीच्या खोऱ्यात पाठीला उंचवटा असलेला, नारिंगी परांचा महाशीर आहे. १९४६ साली म्हैसूरजवळच्या कबिनी नदीत गळाला लागलेला एक महाशीर १२० पौंडांचा भरला होता.

मद्रास इलाख्याच्या मुलकी सेवेतील हेन्री सलिव्हन थॉमस या अधिकाऱ्याने ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ साली लिहिले. त्याने महाशिराची गणना सामन माशाच्याही वर केली. त्याचे मर्म महाशिराच्या पहिल्या धावेत आहे. गळ टोचल्याची जाणीव होताच तो विचार करीत थांबत नाही. साऱ्या शक्तीनिशी तो एकदाच धाव घेतो, आणि तीही बहुधा प्रवाहाच्या बाजूने. त्या वेळी त्याच्या स्नायूंच्या जोडीला पाण्याचा लोटही दोर ओढत असतो. अशा वेळी दोर अडवून धरणे म्हणजे तो तोडणेच होय. शिवाय पात्रात खडक असतात, बुडालेली झाडे असतात, आणि मासा त्यांच्याकडेच धावतो. म्हणून ढील द्यावयाची, पण मोकाट सोडावयाचे नाही. प्रत्येक हात दोरासाठी माशाला थोडे कष्ट पडले पाहिजेत. ही मर्यादा राखणारा जो भाग रिळात असतो त्याला ड्रॅग म्हणतात. मराठीत त्याला रोधक म्हणावे. एकावर एक दाबून बसवलेल्या काही चकत्या, आणि त्यांच्यावरील दाब कमीजास्त करणारा एक स्क्रू, एवढेच त्याचे स्वरूप असते.

या रोधकात एक गणित दडलेले आहे, आणि ते ध्यानात न घेतल्यामुळे पुष्कळ मासे सुटतात. रोधकाचा दाब एकदा बसवला की तो स्थिर राहतो. परंतु दोरावर येणारा ताण स्थिर राहत नाही. रिळावर गुंडाळलेला दोर जसजसा बाहेर जातो, तसतसा उरलेल्या गुंडाळीचा घेर कमी होतो, आणि लहान घेरावरून दोर सोडवून घेण्यास अधिक जोर लागतो. भरलेल्या रिळाची त्रिज्या तीन सेंटिमीटर आहे आणि रोधक तीन किलो ताणाला दोर सोडील असा बसवला आहे, असे समजू या. माशाने इतका दोर नेला की त्रिज्या दीड सेंटिमीटर उरली, तर तोच रोधक आता सहा किलो ताणाशिवाय दोर सोडणार नाही. त्यात काठीच्या कड्यांवरचे घर्षण आणि पाण्यात पसरलेल्या दोरावरचा प्रवाहाचा ओढा मिळवावा. दोर नऊ किलो सोसणारा असला तरी गाठीपाशी तो तितका बळकट नसतो. म्हणजे सुरुवातीला सुरक्षित वाटलेली मांडणी, मासा सर्वांत दूर गेलेला असताना, कोणी स्क्रूला हात न लावताही धोक्याची होऊन बसते.

या एका गणितातून निवडीचे दोन नियम निघतात. पहिला असा की, रोधक दोराच्या बळाच्या चौथ्या किंवा फार तर तिसऱ्या हिश्शावर बसवावा. दुसरा असा की, रिळाची फिरकी रुंद आणि ऐसपैस असावी. जिच्यावर दोनशे मीटर दोर बसतो आणि शंभर मीटर गेला तरी घेर फारसा घटत नाही, ती फिरकी चांगली. लहान, खोल आणि अरुंद फिरकी दिसावयास सुबक असते. पण पहिल्याच लांब धावेत तिचा घेर झपाट्याने उतरतो. दोर काठापर्यंत भरलेला असावा, हेही याच कारणाने. अर्धे भरलेले रीळ म्हणजे आधीच निम्मी लढाई हरलेले रीळ.

रिळांचे मुख्य प्रकार तीन. त्यांचा इतिहास मनोरंजक आहे आणि निवडीला उपयोगीही आहे. रिळाचे सर्वांत जुने ज्ञात चित्र चिनी आहे. मा युआन या चित्रकाराने ११९५ च्या सुमारास हिवाळ्यातील सरोवरात एकट्या होडीत बसलेला मासेमार रंगवला. त्याच्या काठीला लहानसे चाक लावलेले दिसते. आपल्याकडे त्यापूर्वी सुमारे पासष्ट वर्षे कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये मत्स्यविनोदाचेही प्रकरण घातले होते. गळाने मासे धरण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही, हे त्यावरून दिसते. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी या प्रकरणाचा अभ्यास करून तो १९५१ मध्ये विद्वानांपुढे ठेवला. इंग्लंडमध्ये रिळाचा उल्लेख सतराव्या शतकाच्या मध्यास आढळू लागतो.

पहिला प्रकार नॉटिंगहॅमचा. नॉटिंगहॅम हे लेस विणणाऱ्यांचे शहर, आणि ते ज्या ट्रेंट नदीकाठी आहे ती पूर्वीपासून बार्बेल माशाची नदी. तेथल्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात लाकडाचे एक रुंद, हलके चाक बनवले. त्याची कल्पना लेसच्या यंत्रावरील दोऱ्याच्या चाकांवरून सुचली असे सांगतात. एका आसावर ते इतके मोकळे फिरे की मंद प्रवाहात तरंगणारा हलका भेंडही त्याच्यावरून दोर ओढून नेऊ शके. पुढे ते धातूचे झाले, आणि आज मध्यास आस असलेले रीळ म्हणून ते ओळखले जाते. त्यात दातेरी चाके नाहीत आणि बहुधा रोधकही नाही. कडेवर टेकवलेला अंगठा हाच त्याचा रोधक. मोडण्यासारखे त्यात काही नाही, म्हणून त्याच्याइतके विश्वासू रीळ दुसरे नाही. मात्र त्याचा विश्वासूपणा अंगठ्याच्या शहाणपणावर अवलंबून असतो. त्याने दूर गळ फेकणे कठीण, आणि माशाच्या मोठ्या धावेत फिरती मूठ बोटांवर आदळण्याचा धोका. दहा-बारा पौंडांच्या बार्बेलला ते शोभते. चाळीस पौंडांच्या महाशिरासमोर नवशिक्याने ते घेऊन उभे राहू नये.

दुसरा प्रकार समजून घेण्यास मराठी श्रोत्याला विलायतेस जावे लागत नाही. सोलापूर, इचलकरंजी किंवा मालेगाव येथे धोट्याचा माग ज्याने पाहिला असेल, त्याला धोट्यातील कांडी आठवत असेल. धोटा इकडून तिकडे धावतो, पण कांडी स्वतःभोवती फिरत नाही. सूत तिच्या टोकावरून अलगद सुटत जाते. ब्रॅडफर्डच्या वस्त्रोद्योगातील आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ याने हेच तत्त्व गळाच्या रिळाला लावले आणि १९०५ मध्ये त्याचे पेटंट घेतले. यात गळ फेकताना फिरकी स्थिर असते आणि दोर तिच्या तोंडावरून निसटतो; गुंडाळताना तारेची एक कमान तिच्याभोवती फिरून दोर चढवते. मासा ओढू लागला तर मात्र फिरकी रोधकाच्या आधाराने मागे सरकते. आज जगभर सर्वाधिक विकले जाणारे रीळ हेच. शिकावयास ते सोपे, हलका गळही दूर जातो, आणि दोराचा गुंता क्वचित होतो.

या रिळाचे दोन दोष मात्र ठाऊक असावेत. दोर येथे काटकोनात वळून एका लहानशा रुळावरून फिरकीवर येतो. तो रूळ अडला, तर दोर त्याच जागी घासून झिजतो आणि पुढच्या माशाच्या वेळी अचानक तुटतो. म्हणून रीळ घेताना हा रूळ बोटाने फिरवून पाहावा. तो केसाने ओढला तरी फिरावा इतका मोकळा हवा. दुसरा दोष वापरणाराच निर्माण करतो. मासा दोर नेत असतानाही कित्येक जण उत्साहाने मूठ फिरवीत राहतात. त्याने माशाचे काही बिघडत नाही. दोराला मात्र प्रत्येक फेऱ्यागणिक पीळ बसत जातो. रोधक बोलू लागला की मूठ थांबली पाहिजे, हा या रिळाचा पहिला धडा होय.

तिसरा प्रकार घड्याळजींचा म्हणावा लागेल. अमेरिकेतील केंटकी प्रांतात जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळ बनवणाऱ्या कारागिराने १८२० च्या सुमारास असे रीळ तयार केले की, मूठ एकदा फिरवली असता फिरकी अनेकदा फिरे. विसाव्या शतकात स्वीडनच्या आबू या कारखान्याने, ज्याचा आरंभही घड्याळांपासूनच झाला होता, १९५० च्या दशकात अँबॅसडर नावाची अशी रिळे बाजारात आणली, आणि पुढे कावेरीकाठच्या महाशिराच्या शौकिनांत ती फार प्रिय झाली. यात फिरकी दोराच्या सरळ रेषेत फिरते, दोर वळत नाही, आणि जड माशापुढे चाकांची चौकट वाकत नाही. जाड दोर आणि नाचणीच्या पिठाचा मोठा गोळा आमिष म्हणून वापरावयाचा असेल, तर हेच उत्तम. फेकताना फिरकी आवरली नाही तर दोराचा असा गुंता होतो की सकाळ तेवढ्यातच सरावी. पण तो अभ्यासाने टळतो. हलका गळ मात्र त्याने फेकता येत नाही.

तेव्हा निवड कशी करावी? मंद प्रवाह, लहान मासा आणि धीराचा स्वभाव असेल, तर पहिले. मध्यम नदी, वीस पौंडांपर्यंतचा मासा आणि सर्वसाधारण हात असेल, तर दुसरे. मोठी नदी, खडक आणि थोर महाशीर असेल, तर तिसरे. प्रकार ठरला की प्रश्न उरतो तो त्या प्रकारातील विश्वसनीय वस्तू ओळखण्याचा, आणि येथे जाहिरातीपेक्षा एक साधा ताणकाटा अधिक उपयोगी पडतो.

दुकानातच रिळावर थोडा दोर चढवून घ्यावा, त्याचे टोक ताणकाट्याला बांधावे, आणि रोधक दोन किलोच्या आसपास बसवून काटा हळूहळू ओढावा. दोन आकडे पाहावयाचे. दोर सुटू लागण्याच्या क्षणी काटा किती दाखवतो हा एक, आणि दोर सारखा सुटत असताना किती दाखवतो हा दुसरा. चांगल्या रिळात हे दोन आकडे जवळजवळ सारखे असतात. वाईट रिळात पहिला आकडा पुष्कळ मोठा असतो. रोधक आधी अडून बसतो, मग हिसका देऊन सुटतो, पुन्हा अडतो. महाशीर पहिल्या झेपेत दोर तोडतो तो नेमक्या याच हिसक्यावर. ही परीक्षा पाच वेळा करावी, आणि दोर ओला करूनही करावी. जे रीळ पाचही वेळा सारखे उत्तर देते ते विश्वासाचे, मग त्याची किंमत मध्यम असली तरी चालेल.

इतर गोष्टींची पारख त्यानंतर. मूठ धरून आडवी हलवावी; आस डुगडुगत असेल तर चाकांचे दाते लवकर खातील. फिरकी आणि चौकट यांमधील फट बारीक हवी, नाहीतर दोर तिच्यात शिरून अडकतो. आत किती बेअरिंग आहेत हे खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले असते. त्या संख्येला फार महत्त्व देऊ नये. चार चांगली बेअरिंग दहा सामान्य बेअरिंगांपेक्षा बरी. मुठीच्या एका फेऱ्यात फिरकीचे फेरे किती, हेही छापलेले असते. पाच किंवा त्याहून थोडे कमी असे प्रमाण नदीच्या जड माशाला पुरते. त्याहून अधिक वेग हवाहवासा वाटतो, पण वेग वाढला की मुठीतले बळ तेवढे घटते. १९८० च्या दशकापासून काही रिळांत एक खटका येऊ लागला, ज्यामुळे आमिष तळाशी ठेवून वाट पाहत असताना फिरकी मोकळी राहते आणि मूठ फिरवताच रोधक लागू होतो. बार्बेल असो वा महाशीर, त्याचा पहिला ओढा काठीसकट पाण्यात नेणारा असतो, म्हणून ही सोय तळाच्या मासेमारीत खरोखर कामाची आहे.

विश्वसनीयतेचा निम्मा भाग खरेदीनंतरच्या निगेत असतो. आपल्या नद्यांच्या पाण्यात पावसाळ्यानंतर बारीक वाळू आणि गाळ फार. रीळ वाळूवर ठेवणे ही त्याला घातलेली सर्वांत मोठी शिक्षा. घरी आल्यावर ओल्या फडक्याने पुसावे, सावलीत वाळवावे, दात्यांना थोडे ग्रीस आणि रुळाला एक थेंब तेल द्यावे. रोधकाच्या चकत्यांना मात्र निर्मात्याने सांगितल्याखेरीज तेल लावू नये. ठेवून देताना रोधकाचा स्क्रू पूर्ण सैल करावा, कारण महिनोन्महिने दाबलेल्या चकत्या एकमेकींना चिकटतात आणि पुढच्या हंगामातील पहिल्याच माशावर हिसका देतात. ज्या रिळाचे सुटे भाग आपल्या गावात किंवा निदान जवळच्या शहरात मिळत नाहीत, ते कितीही नामांकित असले तरी मोडल्या दिवसापासून निरुपयोगी होय.

येथवर रिळाचे हित पाहिले. आता माशाचे. नायलॉनचा दोर, ज्याला कोकणात तंगूस म्हणतात, तो पाण्यात वर्षानुवर्षे कुजत नाही. रीळ अडल्यामुळे तो तुटला, तर मासेमाराची एक सकाळ वाया जाते. पण मासा गळ आणि पन्नास हात दोर तोंडात घेऊन निघून जातो. तो दोर एखाद्या खडकाला किंवा बुडालेल्या फांदीला गुरफटला की मासा तेथे दाव्याला बांधलेल्या गुरासारखा अडकतो, आणि तसाच मरतो. ते मरण कोणाला दिसत नाही, म्हणून त्याची मोजदादही होत नाही. दुसऱ्या बाजूने, रीळ दुबळे असेल आणि झुंज तासभर लांबली, तर मासा हाती येतो खरा, पण इतका थकून की सोडल्यावर जगतोच असे नाही. उन्हाळ्यात कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो, तेव्हा हा धोका अधिक. बार्बेल पकडणारे जाणते लोक माशाला सोडताना प्रवाहाकडे तोंड करून दोन्ही हातांनी पाण्यातच सरळ धरून ठेवतात आणि तो आपल्या बळाने निघेपर्यंत वाट पाहतात. महाशिरालाही हीच शुश्रूषा हवी. झुंज जितकी आटोपशीर, तितकी ही वाट पाहण्याची वेळ थोडी.

हे सांगण्याचे कारण असे की, महाशिरांचे दिवस आज सुखाचे नाहीत. पावसाळ्यात नदीला चढून वर जाऊन अंडी घालणारा हा मासा. त्याच्या वाटेत धरणे आली, पात्रांतून वाळू उपसली गेली, सुरुंग आणि विष घालून डोह रिकामे झाले. सोनेरी महाशीर संकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. कावेरीच्या नारिंगी परांच्या महाशिराची शास्त्रीय ओळख २०१८ साली निश्चित झाली, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. १९४६ चा तो १२० पौंडांचा मासा याच जातीचा मानला जातो. आपल्या लोणावळ्याजवळच्या वळवण तलावाकाठी १९७० च्या दशकापासून महाशिराची पिले तयार करण्याचे काम चालत आले आहे; पण पिले सोडण्याने नदी पुन्हा नदी होत नाही. अशा स्थितीत एकेक मोठी मादी म्हणजे एकेका डोहाचे भविष्य असते. ती एका हिसका देणाऱ्या रोधकापायी गमावणे परवडणारे नाही.

यासाठी रीळ निवडण्यापूर्वी जागेची निवड करावी लागते. अभयारण्यांच्या हद्दीत १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे; तेथे गळ टाकण्याचा विचारही करू नये. इतरत्र ज्या राज्याची नदी त्याच्या मत्स्य खात्याचा परवाना घ्यावा, आणि मासा धरला तर तो परत सोडण्यासाठीच धरावा. याखेरीज काही डोह असे आहेत की ज्यांचे रक्षण सरकारी कायद्याहून जुन्या कायद्याने होते. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीच्या पात्रात वाळण कोंड आहे. तेथील महाशीर देवीचे मानले जातात. गावकरी त्यांना खाऊ घालतात, पण गळ कोणी टाकत नाही. कर्नाटकात शृंगेरीच्या घाटावर तुंगेतले मासेही असेच निर्भय आहेत. नदीकाठच्या शौकिनाने रीळ विकत घेण्याआधी अशा एखाद्या घाटावर घटकाभर बसावे. पायरीशी आलेला महाशीर संथपणे वळताना पाहिला, त्याच्या खवल्यांवरचे ऊन पाहिले, की आपण दोराच्या दुसऱ्या टोकाला कोणाला बांधणार आहोत याची नीट कल्पना येते, आणि मग दुकानदाराला विचारावयाचा प्रश्नही आपोआप बदलतो.

तात्पर्य एवढेच. रुंद फिरकी, सारखा सुटणारा रोधक, मोकळा रूळ, न डुगडुगणारा आस आणि जवळ मिळणारे सुटे भाग, या पाच गोष्टी ज्याच्यात आहेत ते रीळ घ्यावे. रंग, चकाकी आणि खोक्यावरील आकडे दुकानातच सोडून यावे. नवे रीळ नदीवर नेण्यापूर्वी घराच्या अंगणात दोराचे टोक एखाद्या मुलाच्या हाती द्यावे आणि त्याला जोरात धावावयास सांगावे. मूल धावत असताना दोर एकाच सुरात सुटत गेला आणि काठीचे टोक एकदाही दचकले नाही, तर ते रीळ नदीवर न्यावयास योग्य झाले असे समजावे. ते दचकले, तर दोष काढून टाकीपर्यंत नदीला थोडे थांबू द्यावे.